अक्षरं पूर्ववत

दुपारी भिंगरी झोपली की जुळारणीला दीड तास मिळायचा. नशीब असलं तर पावणेदोन. नाहीतर खालच्या दुकानाचं शटर खडखडायचं आणि पाऊण तासातच सगळा कारभार आटोपायचा.

भिंगरी म्हणजे तिची लेक. वय दोन वर्षं चार महिने. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून आजीने ठेवलेलं नाव. आणि जुळारीण हे तिचं स्वतःचं नाव नवऱ्याने ठेवलेलं. ती घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करायची. लेखकांचा मजकूर टाइप करायचा, तपासायचा, पानं लावायची आणि छापखान्याकडे धाडायची. शिशाचे खिळे जुळवणारे जुळारी केव्हाच संपले होते, पण नवऱ्याला तो शब्द फार आवडायचा. ‘‘काय जुळारीणबाई, आज किती अक्षरं जुळवलीत?’’ असं विचारतच तो घरात शिरायचा.

तो जाऊन एकोणीस महिने झाले होते. कोरडा खोकला लागला होता. हवा बदललीय, असं म्हणून सगळ्यांनीच कानाडोळा केला, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा छातीत काही शिल्लकच उरलं नव्हतं. भिंगरी तेव्हा नऊ महिन्यांची होती. बापाचा चेहरा तिला फोटोतूनच ठाऊक, आणि फोटोला ती ‘काका’ म्हणायची.

टेबल पलंगाच्या पायथ्याशी होतं. मान जरा वळवली की चादरीबाहेर आलेल्या दोन गुलाबी टाचा दिसायच्या. त्या टाचा जागच्या जागी आहेत तोवर काम करायचं, हलल्या की उठायचं, असा हिशेब. संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली नवऱ्यानेच घातलेली. गेले काही महिने पडद्याच्या कोपऱ्यात नव्या आवृत्तीची सूचना येत होती आणि ती रोज ‘नंतर’ म्हणत होती. एका मंगळवारी सूचनेने सरळ दम भरला की जुनी आवृत्ती आता बंद पडणार. तिने ‘हो’ म्हटलं. यंत्र तासभर घुरघुरलं, बंद झालं, चालू झालं, आणि पडदा उजळला.

सगळं जागच्या जागी होतं. फक्त अक्षरं बिघडली होती.

शिरोरेषा करडी पडली होती, ओल्या कागदावर पेन फिरवल्यासारखी. ध आणि घ लांबून जुळे भाऊ दिसत होते. वेलांट्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, आणि रफार तर शेजारच्या मात्रेला चिकटून बसलेले. दुसऱ्या कुणाला यात काही वावगं दिसलं नसतं. पण तिचं पोट अक्षरांवर होतं. तिसऱ्या पानाला कपाळात ठणका सुरू झाला आणि पाचव्या पानावर तिने डोळे मिटून घेतले.

असंच डोकं लग्नानंतर दुखायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काही दोष नाही म्हणून सांगितलं, तेव्हा नवरा लागोपाठ तीन रविवार तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला होता. एकेक सेटिंग बदलायचा आणि चष्मेवाल्यासारखं विचारायचा, ‘‘आत्ता बरं, की मघाचं?’’ रेघेची जाडी, कडेची सावली, अक्षराची धार. तिसऱ्या रविवारी दुपारी पडद्यावरची अक्षरं काळीभोर, ठसठशीत झाली, नुकत्याच धुतलेल्या पाटीवर लिहिल्यासारखी. ते सगळं त्याने नऊ फायलींत मांडून ठेवलं होतं. नावं दहा, वीस, तीस अशी नव्वदपर्यंत, कारण यंत्र त्या आकड्यांच्या क्रमाने वाचतं. फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर होती.

तिने नवऱ्याच्या मित्राला फोन लावला. लिनक्सवाल्यांचं चिन्ह पेंग्विन, आणि याची चालही तशीच डुलती, म्हणून सगळे त्याला पेंग्विनच म्हणायचे.

‘‘भाऊजी, अपग्रेड केलं आणि माझी अक्षरं गेली हो.’’

‘‘गेली म्हणजे? अक्षरांच्या जागी चौकोन दिसतायत का?’’

‘‘दिसतायत अक्षरंच. पण माझी नाहीत.’’

पेंग्विन हसला. ‘‘नवी आवृत्ती आपल्या मर्जीने फॉन्ट लावते, वहिनी. जुन्या फायली आहेत का त्याच्या?’’

‘‘नऊ आहेत.’’

‘‘नऊ! अहो, एवढ्यात विमान उडतं. बरं, एकदम सगळ्या ओतू नका. एक घाला, मशीन बंद-चालू करा, बघा. मग पुढची. जुन्या फायली आहेत, कुठली कधी चावेल सांगता येत नाही.’’

त्या दुपारी तिने दहा नंबरची फाइल उघडली. वरच्या ओळीत त्याने स्वतःसाठी नोंद ठेवली होती, ‘जुळारीणबाईंच्या शिरोरेषेसाठी. पुसट चालत नाही बाईंना.’ खाली तारीख होती, सव्वातीन वर्षांपूर्वीची. भिंगरी पोटातही नव्हती तेव्हाची. ती ओळ तिने दोनदा वाचली आणि फाइल जागेवर ठेवली. यंत्र बंद-चालू केलं. शिरोरेषा जरा काळी झाली. फार नाही. पण तिच्या खांद्यांतला ताठा उतरला, कुणीतरी मागून येऊन हात ठेवल्यासारखा.

संध्याकाळी दाराच्या चौकटीजवळून जाताना तिचं लक्ष गेलं. चौकटीवर भिंगरीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. पहिल्या वाढदिवसाची, दीड वर्षाची, दोन वर्षांची, आणि गेल्या महिन्यात भिंगरीने स्वतः टाचा उंचावून करून घेतलेली एक. यातल्या शेवटच्या दोन खुणा आता तिथे नव्हत्या.

‘‘आई, चौकट पुसलीत का?’’

‘‘मी कशाला पुसू?’’ सासूबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. ‘‘माझे गुडघे काय चौकटी पुसायच्या लायकीचे राहिलेत?’’

बुधवारी वीस नंबर. काने सरळ उभे राहिले. त्या दिवशी भिंगरी उठली तीच किरकिरत. ‘आई, मला तिकडे ने’ असं खणखणीत सांगणारी पोर नुसतं ‘आई, तिते, तिते’ करत राहिली. सर्दी असेल, तिला वाटलं. फिरायला नेताना बूट पायातून दोनदा निसटले. परत आल्यावर दारात तिला नवऱ्याच्या चपला दिसल्या.

डाव्या चपलेचा अंगठा त्याने तारेने शिवला होता. तीच तार. तो जाऊन वर्ष झाल्यावर तिने स्वतःच्या हाताने त्या पिशवीत घालून इमारतीच्या पहारेकऱ्याला दिल्या होत्या.

‘‘आई, या चपला परत कुणी आणल्या?’’

‘‘परत म्हणजे?’’ सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ‘‘तिथेच तर असतात. मी म्हणतेय कधीपासून देऊन टाक कुणाला तरी, तर तुझ्या जिवावर येतं.’’

तिने वाद घातला नाही. म्हातारं माणूस, विसरलं असेल. पहारेकऱ्यानेच आणून ठेवल्या असतील. माणूस डोकं शांत ठेवण्यासाठी काहीही जुळवतो, आणि जुळवणं तर तिचा धंदाच होता.

गुरुवारी छापखान्याची घाई होती. शाळेचं पुस्तक, एकशेबारा पानं. तिने तीस आणि चाळीस एका दमात घातल्या. अक्षरांच्या कडा तुटून स्वच्छ झाल्या. इतकं सुरेख दिसू लागलं की सत्तावीस पानं हातावेगळी होईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. मग पलंगाचा कठडा खडखडला. भिंगरी कठड्याला धरून उभी होती, गुडघ्यांत वाकत, डुलत. आईला पाहून ती हसली. वरचे दोन आणि खालचे दोन, एवढेच दात. तिने हात सोडले आणि धपकन बसली.

तिने लेकीला उचललं. हाताला वजनाची सवय असते. हात नेहमीच्या जोराने वर गेले आणि पोर हवेत उडाल्यासारखी झाली.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीचं वजन केलं, डोक्याला टेप लावली, पोट दाबून पाहिलं. ‘‘उत्तम आहे की. अकरा महिन्यांच्या मानाने वाढ छान आहे.’’

‘‘अठ्ठावीस,’’ ती म्हणाली. ‘‘अठ्ठावीस महिन्यांची आहे ती. चालते. बोलते. चारच दिवसांपूर्वी तुमच्या पायरीवरून उडी मारली होती तिने.’’

डॉक्टरीणबाईंनी वाढीचं कार्ड तिच्यासमोर फिरवून धरलं. दर महिन्याच्या नोंदी, निळ्या शाईत, त्यांच्याच अक्षरात. अकराव्या रकान्यापुढे सगळे रकाने कोरे. कोरे म्हणजे पुसलेले नव्हे. कागद तिथे कधी ओला झालेला नव्हता, घासलेला नव्हता. खोडाखोड ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

‘‘तुमची झोप होते का नीट?’’ डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात विचारलं. ‘‘घरात एवढं मोठं घडून गेलंय. दोनच महिने झालेत.’’

घरी आली तर सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या. मांडीत मुलाचा शर्ट. एकोणीस महिन्यांत त्यांचं रडणं वाळून खडखडीत झालं होतं. त्या टीव्हीसमोर हसायच्या, शेजारणीच्या नकला करायच्या. आज तेच रडणं परत ओलं झालं होतं. ‘‘असा कसा गेला गं,’’ त्या म्हणत होत्या, ‘‘नुसत्या खोकल्याने असा कसा गेला.’’

जुळारीण टेबलापाशी बसली. लेक मांडीवर, तिच्या मानेच्या वळीत घामाचा गोडसर वास. पडद्यावर पाच फायली उरल्या होत्या. तिने बोटांवर मोजलं. एकदा नाही, तीनदा. एका फायलीला चार महिने, वर थोडे दिवस. चार फायली, सतरा महिने. आणखी एक घातली तर भिंगरी साडेसहा महिन्यांची.

आणि तो गेला तेव्हा भिंगरी नऊ महिन्यांची होती.

हे वेडेपण आहे, हे तिला कळत होतं. पण दारातल्या चपला वेड्या नव्हत्या. ती स्वतःशी बोलत राहिली. शब्द काय, परत येतील. दात येतील. चालेलही परत, आणि या वेळी बापाचं बोट धरून चालेल. पहिला खोकला आला की त्याच दिवशी दवाखाना. हाताला धरून नेईन. हातापाया पडेन. एकच. आणखी एकच फाइल, मग बास. बाकीच्या चार जाळून टाकीन.

पन्नास नंबरच्या फायलीवर लिहिलं होतं, ‘हे बाईंना फारसं पसंत नव्हतं. तरी घातलं. नंतर आवडलं.’

तिने ती जागेवर ठेवली आणि यंत्र बंद-चालू केलं.

पडदा उजळायच्या आत तिला पलीकडच्या खोलीतून आवाज आला.

‘‘हे नाक कुणाचं? माझं. मग ते तुझ्या तोंडात काय करतंय? सोड. सोड गं बाई, ऑफिसात काय सांगू, नाक घरी विसरलो?’’

मांडी रिकामी होती. ती उठली. दारापर्यंत सात पावलं, तिने एकेक टाकलं. तो जमिनीवर उताणा पडला होता आणि भिंगरी त्याच्या छातीवर पालथी. भिंगरीच्या लाळेने त्याचा गळा चमकत होता. दाढी दोन दिवसांची. त्याच्या कपाळावरचा तो बारीक व्रण तिला मधल्या काळात आठवतही नव्हता.

त्याने मान वळवली. ‘‘अशी काय बघतेयस? मी काय भूत आहे?’’

तिला हसू आलं आणि ते कुठेतरी मध्येच फाटलं. ती त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली. त्याच्या मनगटावर हात ठेवला. ऊन होतं. नाडी लागत होती. ती पंचाहत्तरपर्यंत मोजत राहिली आणि तो पोरीला पोटावर नाचवत म्हणत होता, ‘‘भिंगरे, तुझ्या आईचं आज काहीतरी बिनसलंय.’’

मग ती उठली, टेबलाखाली वाकली आणि यंत्राची वायर भिंतीतून उपसून काढली. पेनड्राइव्ह सांडशीने दाबून चेचला. इथेच थांब, ती म्हणाली. कुणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं. इथेच थांब.

एक दिवस मिळाला. पुरता एक दिवस, तिघांचा. चौघांचा खरं तर, कारण सासूबाई दिवसभर लेकाला टोचून बोलत होत्या. टॉवेल खुर्चीवर टाकतो, मोजे गादीखाली कोंबतो. त्याने सोमवारी छाती तपासून घ्यायचं कबूल केलं. ‘‘खोकला नाही, ताप नाही, डॉक्टरला काय सांगू? बायको बघत बसते म्हणू?’’ तिने दोघांना एकमेकांशेजारी झोपलेलं पाहिलं. दोघांचाही खालचा ओठ झोपेत सारखाच लोंबत होता. हे तिला आधी कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चष्मा शोधत होती. बाळंतपणानंतर लागलेला चष्मा. तो नेहमीच्या जागी नव्हता. शोधता शोधता तिने सहज पलीकडच्या भिंतीवरच्या फळीवर ठेवलेल्या बाटलीचं लेबल वाचलं. औषधाचं नाव वाचलं. त्याखालचा मुंगीएवढा मजकूरही वाचला. शब्दन् शब्द, काळाभोर.

वायर जमिनीवर तशीच पडली होती.

ती पलंगाकडे धावली. भिंगरी मुठी आवळून झोपली होती. मान अजून सावरलेली नव्हती. दोन महिन्यांची असेल, जेमतेम.

तिने वायर खोचली, यंत्र चालू केलं, फोल्डर उघडलं. दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास. साठ. साठ तिने ठेवलेली नव्हती.

तिने सहाही फायली पुसल्या. अक्षरं तशीच राहिली.

‘‘ऐक,’’ ती नवऱ्याला म्हणाली, ‘‘ही अक्षरं मला परत बिघडवून दे.’’

‘‘काय?’’

‘‘तू केलेल्या सेटिंग काढून टाक. सगळ्या. पुसट झाली पाहिजेत. करडी. मला वाचता येता कामा नयेत.’’

तो हसला, मग तिचा चेहरा पाहून थांबला. ‘‘लोक बिघडलेलं नीट करून मागतात, जुळारीणबाई.’’ पण तो बसला खुर्चीवर. त्याने हे काढलं, ते काढलं, शेवटी सगळं पुसून लिनक्स मुळापासून नव्याने घातलं. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात तिने पोरीला पदराखाली घेऊन पाजलं आणि पडद्याकडे पाहत राहिली. यंत्र चालू झालं तेव्हा अक्षरं खरंच पुसट होती. करडी, केसाळ. तिने श्वास सोडला.

मग तिच्या डोळ्यांदेखत, डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ, ती काळी होत गेली.

‘‘हात तिच्या,’’ तो कौतुकाने म्हणाला, ‘‘काही न करताच काय झकास दिसतंय!’’

तिने भिंगरीला दुपट्यात गुंडाळलं आणि ती घराबाहेर पडली. ताईकडे जायचं, दुसऱ्या गावी, जिथे हे यंत्र नाही. भर दुपार होती. रस्त्यावर माणसं होती, सायकली होत्या. थांब्याकडे जाताना समोरच्या दुकानाची पाटी तिला दिसली. मग त्यापलीकडची. मग चौकापलीकडची, जिथून एरवी नुसता रंगाचा डाग दिसायचा. बसवरचा क्रमांक, खांबावर डकवलेली जाहिरात, एका माणसाच्या हातातल्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचा बारीक मजकूर. सगळं ठसठशीत. कुठवर जाणार? अक्षरं सगळीकडे होती.

थांब्यावर ती बाकावर बसली आणि तिने दुपटं उलगडलं.

रिकामं दुपटं अजून ऊन होतं.

ती घरी आली तेव्हा तिची चाल बदलली होती. एक हात कमरेवर होता. सासूबाईंनी दार उघडलं. ‘‘सातवा चालू आहे आणि उन्हातान्हात हिंडतेस? ये, पाय वर घेऊन बस.’’

ती पाय वर घेऊन बसली नाही. टेबलापाशी बसली. आत कुणीतरी टाच फिरवली, बरगडीखालून, सावकाश. आहे. अजून आहे. तिने एक कोरी फाइल उघडली आणि ती टाइप करू लागली. तिच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

‘भिंगरी शिंकायच्या आधी हसते. भिंगरी डाव्या हाताने जेवते. खिडकीला किखडी म्हणते. किखडी उघड, काऊ बोलावतोय. झोप आली की माझ्या कानाची पाळी धरते, स्वतःची धरत नाही. तिला जिन्याचा शेवटचा कठडा चाटायला आवडतो. फोटोला काका म्हणते. तिच्या टाचेवर तीळ आहे.’

कुठल्या टाचेवर?

तिने डोळे मिटले. चादरीबाहेर आलेल्या दोन टाचा. रोज पाहिलेल्या. डावी की उजवी?

‘तिच्या एका टाचेवर तीळ आहे,’ असं तिने केलं. आतली हालचाल बारीक होत चालली होती. पायासारखी होती ती माशासारखी झाली, मग बुडबुड्यासारखी. ती भराभर टाइप करत होती. पोट टेबलाच्या कडेला टेकत होतं ते आता टेकत नव्हतं.

‘तिचे केस मागे कुरळे आणि पुढे’

पुढे काय, ते तिला आठवेना. तिने बराच वेळ वाट पाहिली. मग आपण कशाची वाट पाहतोय तेही.

*

दुपारचे दोन वाजले होते. रविवार होता.

‘‘झालं का मनासारखं?’’ नवऱ्याने खुर्ची मागे सारत विचारलं. नवव्या फायलीवर त्याने शेवटची ओळ टाइप केली होती, ‘आता हेच कायम.’

‘‘झालं,’’ जुळारीण म्हणाली. ‘‘आता हात लावायचा नाही कशाला.’’

अक्षरं काळीभोर, ठसठशीत होती. किती दिवसांनी कपाळात ठणका नव्हता. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. ‘‘तीन-तीन रविवार अक्षरांकडे काय बघत बसता रे दोघं? जरा दुसरंही काही बघा की. मला नातवंडाचं तोंड कधी दिसणार?’’

‘‘या आईचं काहीतरीच,’’ तो पुटपुटला आणि हसत चहा टाकायला गेला.

नवीन अक्षरं डोळाभर पाहावीत म्हणून तिने समोर पडलेली एक फाइल उघडली. कुणा लेखकाची असावी. नाव लिहायला विसरलेला दिसत होता. छोटासाच मजकूर, कुठल्याशा मुलीबद्दल. हात हळुवार होता, पण शिस्त नव्हती, आणि शेवट तर वाक्याच्या मधोमध सोडून दिलेला. तिने सवयीने तपासून टाकला. ‘किखडी’ दोनदा आलं होतं, ते दोन्ही ठिकाणी ‘खिडकी’ केलं. शेवटच्या अर्धवट वाक्यापुढे लेखकाला विचारण्यासाठी प्रश्नचिन्ह टाकलं. फाइल बंद केली.

मागच्या पलंगावर चादर सपाट होती. तिने मान वळवून तिकडे का पाहिलं, तिला कळलं नाही.

पुन्हा पडद्याकडे वळताना गाऊन अंगाला गार लागला. तिने खाली पाहिलं. छातीवर दोन ओले गोल उमटले होते आणि ते हळूहळू मोठे होत होते. पाणी सांडलं असेल, म्हणून तिने टेबलावरच्या पेल्याकडे पाहिलं. पेला काठोकाठ भरलेला होता.